बुटांचं तेवढं कळव

चिखली, १४ जून १९६६

चि. हिंमत यास सिंधूताईचे आशीर्वाद.

अक्षर ओळखीचं असलं तरी हे पत्र तुझ्या आईचं नाही, माझं आहे. घाबरू नकोस, तानुबाई ठणठणीत आहे. दर बाजाराच्या दिवशी उंद्रीहून भाजीची टोपली घेऊन येते, आमच्या ओट्यावर बसते, तुझं पत्र मी वाचते आणि ती सांगेल ते उत्तर लिहिते. तुझ्या उत्तमदादाला ती ज्या शिव्या घालते तेवढ्या गाळते, म्हणून तुला पत्रं एवढी छोटी मिळतात.

या वेळी काम माझं आहे. आमच्या महालक्ष्म्यांपुढची आरास तुला नवीन नाही. लहान होतास तेव्हा आईबरोबर यायचास आणि टोपली रिकामी झाली तरी आराशीपुढून हलायचा नाहीस. किल्ले, मावळे, आठवडी बाजार, लग्नाची वरात, सगळं चिकणमातीचं, बोटभर उंचीचं, माझ्या हातचं. गेल्या वर्षी महालक्ष्म्या उठल्या आणि लगेच लढाई पेटली. तेव्हापासून मनात आहे की यंदा मावळे पुरे, आताच्या फौजेचा मोर्चा मांडावा. आमचे हे म्हणाले, किल्ला ट्रंकेत तयार आहे, तो मांड, तू रणगाडा कधी पाहिला आहेस का? नाही पाहिला. वर्तमानपत्रात फोटो होता, त्यात तो चिखलात बसलेल्या म्हशीसारखा दिसत होता.

तरीही हट्ट धरला आहे तो तुझ्या आईमुळे. परवा तुझं पत्र वाचून झालं. 'मी खुशाल आहे, पहाऱ्यावर असतो.' दर वेळी तू एवढंच लिहितोस. ती म्हणाली, "ताई, तो पहाऱ्यावर म्हंजे कुठी उभा राह्यते? पुढं काय दिसते त्याले? मले डोळे मिटले का नुसता अंधार दिसते. तुम्ही त्याची जागा बनवून दाखवा ना मले."

म्हणून तू मला सगळं लिही. माती कोणत्या रंगाची, झाडं कसली, तू कुठे उभा होतास, डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय होतं. मनाने काही घालायचं नाही असं मी ठरवलं आहे. खोटंच करायचं तर किल्ला काय वाईट होता?

तुझी,
सिंधूताई


पुणे, २ जुलै १९६६

सौ. सिंधूताईंना हिंमतचा दंडवत. तुमच्या सासूबाई अन्नपूर्णाबाईंना आणि साहेबांनाही सांगा.

तुमचं पत्र आलं आणि मी ते दोनचार जणांना वाचून दाखवलं. इथे आमच्यासोबत एक सातारचा नाईक आहे. तो म्हणाला, तुझ्या गावच्या बाया रणगाडे करतात का? मी म्हणालो, बाया नाही, एकच बाई, पण ती करेल.

पत्ता पुण्याचा पाहून आई विचारेल, तर तिला सांगा की एका कोर्ससाठी आम्हाला इकडे आणून ठेवलं आहे. कोर्स लांबला आहे. सुट्टीचं अजून काही नक्की नाही.

ठिकाणाचं नाव लिहिण्याची परवानगी नाही, पण जागा लिहितो. जमीन परातीसारखी सपाट. आपली काळी माती तिकडे नाही, पिवळट भुरी माती, मुठीत धरली तर पिठासारखी सांडते. मधून कालवा जातो. त्याचा बांध घरापेक्षा उंच, त्यावर शिसवाची झाडं ओळीने. बांधाच्या अलीकडे आमचे खंदक आणि पलीकडे ऊस. ऊस एवढा दाट की आत माणूस दिसत नाही, फक्त तुरे हलतात, आणि वारा नसताना तुरे हलले तर समजायचं. आम्ही शेतात पाणी सोडून ठेवलं होतं. त्यांचा रणगाडा त्यात उतरला आणि पावसाळ्यात आपल्या पांदीत बैलगाडी रुतते तसा रुतला. तेव्हा तुमची म्हैस चूक नाही, ताई, ती तशीच करा.

मी बांधावरच्या तिसऱ्या झाडाखाली होतो. पुढे रेतीच्या गोण्या रचलेल्या. डोक्यावर लोखंडी टोप, त्यावर जाळी, जाळीत उसाची पानं खोचलेली. कपडे खाकी करू नका, हिरवे. कढीपत्ता वाळला की जो रंग होतो तो.

आईला हे सगळं तुम्ही सांगितलंत तर तिला पटेल. मला असं सांगता येत नाही.

आपला,
हिंमत


चिखली, २१ जुलै १९६६

चि. हिंमत,

असं पत्र लिहिता येतं आणि आईला 'खुशाल आहे' लिहून मोकळा होतोस. तुझं पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं. उसाचे तुरे हलण्याचं ऐकून तिने टोपलीतली मेथी तशीच हातात धरून ठेवली होती.

आता कामाचं. रंग जमला. हळदीत काजळ खललं तर तुझा वाळका कढीपत्ता अगदी हुबेहूब उतरतो. सासूबाई म्हणाल्या, हळदीचं हे काय चालवलंयस, मी म्हणाले फौजेला वर्दी शिवते. पिवळी माती विहिरीच्या खोदकामातली मिळाली, ती वस्त्रगाळ केली. कालव्याच्या पाण्यासाठी यांच्या दाढीच्या फुटक्या आरशाचे तुकडे. उसासाठी गवताच्या काड्या आणि त्यांना शेवरीच्या कापसाचे तुरे, फुंकर घातली की हलतात. रणगाडा खोबऱ्याच्या वाटीवर बेतला आहे, चाकांना सदऱ्याची जुनी बटणं, तोफेला खराट्याची काडी.

फजिती मात्र झाली. रेतीच्या गोण्या करायच्या म्हणून जुन्या धोतराच्या चिमुकल्या पिशव्या शिवल्या. रेती भरली तर शिवणीतून गळायला लागली, म्हणून मी शहाणीने रवा भरला. गोण्या अशा टुमटुमीत दिसल्या की मी स्वतःवर खूश. सकाळी उठून पाहते तर मुंग्यांनी मोर्चा लुटला होता. गोण्या चपट्या पडलेल्या आणि देवघराच्या भिंतीवरून रव्याची रांग चाललेली. आमचे हे म्हणाले, शत्रूने हल्ला केला, पण आपले जवान डुलक्या घेत होते. आता बाजरी भरली आहे आणि खाली हळदीची रेघ ओढली आहे.

आता जवान करायला घेतले आहेत. तुझा बाहुला मला तुझ्यासारखाच हवा, म्हणून एखादा फोटो पाठव, पुरता उभा. आणि बुटांचं कळव. तू टोपापासून सुरुवात केलीस आणि कमरेपर्यंत येऊन थांबलास. बूट काळे की तांबडे, घोट्याच्या वर किती येतात, वर पट्ट्या बांधता की कसं?

बुटांवरून आठवलं. तुझ्या आईने उंद्रीच्या चांभाराकडून तुझ्यासाठी वहाणा करवून घेतल्या आहेत. तू येशील तेव्हा फौजेचे बूट काढून वावरात काय घालशील, म्हणून. दर आठवड्याला ती त्यांना तेल लावते आणि मला येऊन सांगते. तेव्हा कोर्स आवर आणि ये.

सिंधूताई


पुणे, ४ ऑगस्ट १९६६

सौ. सिंधूताईंना दंडवत.

मुंग्यांचं वाचून आमची सगळी खोली हसली. सातारच्या नाईकाला हसताना त्रास होतो, तरी तो हसला. तो म्हणतो की तुमच्या मुंग्यांना परमवीरचक्र द्यायला पाहिजे.

फोटो पाठवतो आहे. छातीपर्यंतचाच आहे, फोटोवाल्याने तेवढाच काढला. कान मोठे आले आहेत, पण त्यात त्याची चूक नाही.

आणखी लिहायचं राहिलं होतं ते लिहितो. कमरेला पाण्याची बाटली, तिला हिरवं फडकं गुंडाळलेलं. खांद्याला गोळ्यांची पिशवी. खंदकाच्या कडेला मातीत एक खोबण केली होती, तिच्यात चहाचा मग ठेवायचो. मग पांढरा, कड निळी, एका बाजूला टवका उडालेला. गळ्यात आईने बांधलेला काळा दोरा. बंदूक उजव्या हाताला गोणीवर टेकवलेली. रात्री कोल्हे ओरडत, ते मात्र आपल्याकडच्यासारखेच.

तुमची आरास आठवते. वरात मांडली होती त्या वर्षी नवरदेवाचा घोडा मांजरीने पाडला आणि त्याचा एक पाय मोडला. तुम्ही तो डिंकाने चिकटवायला निघालात तर अन्नपूर्णाबाईंनी घोडा उचलला आणि म्हणाल्या, भंगलेलं देवीपुढे चालत नाही. त्यांनी तो तुळशीच्या कुंडीत ठेवून दिला. नवरदेव त्या वर्षी पायीच लग्नाला गेला. आम्हा पोरांना फार वाईट वाटलं होतं.

कालव्याच्या बांधावर पहिल्या दिवशी चढलो तेव्हा खाली रणगाडे, गाड्या, माणसं एवढी एवढी दिसली. भीती वाटायच्या आधी मला तुमची आरास आठवली आणि जरा धीर आला. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आपला,
हिंमत


चिखली, १६ ऑगस्ट १९६६

चि. हिंमत,

तुझ्या त्या शेवटच्या ओळींवर मी काही लिहीत नाही. घरात राहून मातीत हात माखवणाऱ्या बाईला असं काही कानावर येणं नशिबात असतं हे मला माहीत नव्हतं. देव तुझं भलं करो.

पण आता रागावते. बूट कुठे आहेत? चहाच्या मगाचा टवका लिहिलास, कोल्हे लिहिलेस, मांजरीने पाडलेला घोडा लिहिलास, आणि मी विचारलं ते नेमकं विसरलास. फोटोही अर्धा. माझी अख्खी पलटण घोट्यापाशी अडून बसली आहे. माझं दुखणं तुला सांगते. मातीचा बाहुला मोडतो तो नेहमी घोट्यात. अंग जड, घोटा बारीक, वाळताना तिथेच तडा जातो. म्हणून मी मातीत कापूस मळते आणि पायातून बांबूची काडी वर कमरेपर्यंत नेते. बूट जाड असले तर तेवढी माती जास्त बसते आणि बाहुला उभा राहतो. तेव्हा तुझ्या बुटांवर माझी सगळी लढाई अवलंबून आहे. एवढं सोपं विचारलं तर शिपाईगड्याला सांगता येऊ नये?

तानुबाईही रागावली आहे. पुणे काही लंका नाही, म्हणते. कोर्स आहे तर रविवार नसतो का? ती मला म्हणाली, "ताई, त्याले माही लाज वाटते का व आता? साहेब झाला का तो?" मी तिला दटावलं. महालक्ष्म्यांना ये. आईला सोळा भाज्या घेऊन यायचंच आहे, तूही तिच्याबरोबर टोपली धरून ये, पूर्वीसारखा.

आणि बुटांचं तेवढं कळव.

सिंधूताई


पुणे, २७ ऑगस्ट १९६६

सौ. सिंधूताईंना हिंमतचा दंडवत.

बुटांचं विसरलो नव्हतो. प्रत्येक वेळी लिहायला घेत होतो.

मी कोर्सला नाही. गेल्या सप्टेंबरात एका खंदकातून दुसऱ्या खंदकात जाताना तोफेचा गोळा जवळ पडला. डावा पाय गुडघ्याच्या खाली काढावा लागला. तेव्हापासून आधी तिकडच्या आणि मग इथल्या लष्करी दवाखान्यात आहे. जखम चिघळत राहिली म्हणून एवढा वेळ गेला. आता भरली आहे. लाकडी पाय मिळणार आहे, माप घेऊन झालं. सातारचा नाईक माझ्या शेजारच्या खाटेवर असतो, त्याच्या बरगड्यांत लोखंड होतं.

पलटणीत घरचा पत्ता मी खामगावचा दिला होता, उत्तमदादाचा, कारण तो जिनिंगमध्ये असतो आणि त्याला वाचता येतं. तार त्यालाच गेली. तो येऊन भेटून गेला. मी त्याला शपथ घातली की आईला सांगायचं नाही. ती त्याला शिव्या देते की तू भावाला भेटायला जात नाहीस, आणि तो ऐकून घेतो. त्याचे उपकार मी कसे फेडू?

तुम्ही म्हणाल की आईपासून का लपवलं. ताई, मला मरणाची भीती नव्हती वाटली. पण इथे पडल्यापासून तो तुळशीतला घोडा डोळ्यांपुढे येतो. आई माझ्याकडे बघेल आणि तिच्या मनात येईल की माझं पोरगं भंगलं. ती तोंडाने म्हणणार नाही. मला दिसेल. वहाणांचं वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही.

एक मागणं आहे. यंदा आराशीत मला दोन पायांचा करा. बूट काळे, घोट्याच्या वर येणारे. ती एकदा मला धडधाकट उभा पाहू दे, मग पुढचं पुढे पाहू.

आपला,
हिंमत


चिखली, ३ सप्टेंबर १९६६

चि. हिंमत,

तुझं पत्र वाचलं. बुटांवरून मी तुला केवढं टोचलं. पण त्याबद्दल लिहीत बसले तर पुन्हा तूच माझी समजूत काढशील, म्हणून ते राहू दे. तू जिवंत आहेस. मी देवापुढे साखर ठेवली.

तुझ्या मागण्याचं मात्र मला जड जातं आहे. दोन पायांचा बाहुला मी करून पाहिला. चांगला झाला, कानही जमले. पण त्याच्याकडे पाहवत नाही. तानुबाई त्याच्यापुढे बसून खूश होईल, आणि मी तिच्या शेजारी हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी राहीन. हिंमत, मी मनाने काही घालणार नाही असं तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. आणि तू कधीतरी घरी येशीलच ना? त्या दिवशी तिला कळेल की सगळ्यांना माहीत होतं, फक्त आईलाच नव्हतं. तुझ्या पायाचं दुःख ती सोसेल रे, हे दुसरं सोसायला फार कठीण.

खरा तसा करावा म्हटलं तर घरात सासूबाई आहेत. भंगलेलं देवीपुढे चालत नाही हा त्यांचा नियम तू विसरलेला नाहीस आणि त्याही विसरलेल्या नाहीत.

तू नको म्हणशील तर मी तुझ्या आईला एक शब्द सांगणार नाही. पण सांगू द्यायचं असेल तर दोन ओळी लिही.

सिंधूताई


पुणे, ९ सप्टेंबर १९६६

सौ. सिंधूताईंना दंडवत.

नाईक म्हणतो, तिला सांगू दे. तुम्हाला योग्य दिसेल ते करा. फक्त सांगताना तुम्ही तिच्याजवळ राहा.

हिंमत


चिखली, २३ सप्टेंबर १९६६

चि. हिंमत,

महालक्ष्म्या काल उठल्या. आज घर रिकामं वाटतं आहे, आणि आता सावकाश बसून लिहिते.

तुझं कार्ड आलं त्याच दिवशी मी नवा बाहुला केला. डावा पाय गुडघ्याखाली गोल लिंपून बंद केला, बोटाने गुळगुळीत केला. काखेत बांबूच्या काडीची कुबडी. दुसरा हात गोणीवर टेकलेला. एका पायावर माती उभी राहणार नाही असं मला वाटलं होतं, पण कुबडीने तो असा पक्का उभा राहिला की माझे बाकीचे जवान धक्का लागला की पडायचे आणि हा जागचा हलत नव्हता.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी दुपारी तो ओंजळीत घेऊन मी सासूबाईंपुढे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्यांना चष्मा लावला, बाहुला हातात घेऊन फिरवून पाहिला. बंद केलेल्या पायावरून अंगठा फिरवला. मग मला विचारलं, "हा पडला का तुझ्या हातून?" मी म्हणाले, नाही, असाच घडवला. त्या म्हणाल्या, "मग भंगलेला कसा? पडून फुटतं ते भंगलेलं. हा घडवून पुरा केलेला आहे."

आणि स्वतः उठून त्यांनी तो आराशीत ठेवला. तू लिहिलंस त्या तिसऱ्या झाडाखाली नाही. अगदी पुढे आणून ठेवला, धाकट्या महालक्ष्मीच्या पदराशी. मी म्हणाले, तिथे कालवा नाही, जागा चुकते. तर मला म्हणाल्या, आरास तुझी, पण देवीपुढे कुणी कुठे बसायचं ते मी ठरवते. एवढी वर्षं या बाईच्या सोवळ्याला मी मनातल्या मनात बोल लावत आले. परवा मी त्यांना वाकून नमस्कार केला तो सणाचा नव्हता.

आता तानुबाईचं. लोकांपुढे तिला कळू नये म्हणून जेवणाच्या दिवशी सकाळी लवकर ये असा निरोप दिला होता. आली. सोळा भाज्या टोपलीत, वर केळीचं पान. मी तिला स्वयंपाकघरात बसवून सांगणार होते. पण ती पाय धुऊन सरळ आराशीपुढे जाऊन बसली. ऊस पाहिला, फुंकर मारून तुरे हलवले. आरशाचं पाणी पाहिलं. रुतलेल्या रणगाड्याला हसली. चहाचा मग दाखवला तर म्हणाली, टवका हाय खरा. मग एकेक जवान पाहत पाहत तिची नजर पुढे आली. कानांवरून ओळखलं तिने. चेहरा असा उजळला की मला वाटलं आता आपण पळून जावं.

मग नजर खाली गेली. "ताई, याचा पाय काऊन नाही?"

मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. तू लिहिलंस तेवढंच, जास्त नाही आणि कमी नाही. तिने विचारलं, "दुखते का त्याले अजून?" मी म्हणाले, जखम भरली. "जेवते का?" मी म्हणाले, जेवतो. मग तिने विचारलं, उत्तमला माहीत होतं का. मी मान हलवली. "अन् मी त्याले शिव्या देऊन राह्यली होती," एवढंच म्हणाली.

नंतर उठली, टोपली ओढली आणि भाज्या निवडायला बसली. मी नको म्हटलं तर ऐकेना. पडवळ, दोडका, गवार, अंबाडी, निवडता निवडता रडत होती आणि थांबत नव्हती. सासूबाई येऊन तिच्या शेजारी बसल्या आणि त्याही निवडू लागल्या. त्या दिवशी सोळा भाज्यांचा नैवेद्य झाला तो त्या दोघींच्या हातचा. मी फक्त वाढलं.

हळदीकुंकवाला बायका आल्या. एकीने विचारलं, हा लंगडा शिपाई कोण हो? मी तोंड उघडायच्या आत तानुबाई म्हणाली, "माहा लेक हाय तो. देवीनं जवळ बसवला त्याले." तिने हे असं म्हटलं की त्या बाईने बाहुल्याला कुंकू लावलं. मग प्रत्येकीने लावलं. तुझा बाहुला आता पुरता लाल झाला आहे, वर्दी शोधावी लागते.

ती उत्तमरावांबरोबर पुण्याला निघते आहे. मी अडवलं नाही. बाहुला तिला द्यायला गेले तर नको म्हणाली, तो इथेच राहू द्या, मी खऱ्याकडे चालली.

सिंधूताई


पुणे, २० ऑक्टोबर १९६६

सौ. सिंधूताईंना आणि अन्नपूर्णाबाईंना हिंमतचा दंडवत.

आई येऊन गेली. उत्तमदादा बाहेर थांबला आणि ती एकटी आत आली. मी चादर गळ्यापर्यंत ओढून बसलो होतो. पाटीवरचं नाव तिला वाचता येत नाही, पण तिने कुणाला विचारलंही नाही, सगळ्या खाटांवरचे कान पाहत आली असं नंतर नाईक म्हणाला.

जवळ बसून तिने आधी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "दाखव." मी चादर काढली. तिने पाय दोन्ही हातांत धरला, जिथे संपतो तिथे. ताई, मी तिच्या तोंडाकडेच बघत होतो. ज्याची मला एवढी भीती होती ते मी तिथे शोधत होतो. ते नव्हतं. वावरात काटा भरला की ती जशी पाय मांडीवर घेऊन पाहायची, तशीच पाहत होती.

लाकडी पाय खाटेखाली होता. नुकताच मिळाला आहे. तो तिने ओढून काढला, बोटांनी वाजवला आणि विचारलं, "कोन्या झाडाचं लाकूड हाय?" मला माहीत नव्हतं. डॉक्टरसाहेब फेरीवर होते, त्यांनाही माहीत नव्हतं. ते सुताराला विचारून सांगतो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायला आले.

मग तिने गाठोडं सोडलं. भाकरी, ठेचा, तुमच्याकडचे फुलोऱ्याचे कानवले, आणि सगळ्यात खाली वहाणा. दोन्ही. तेल पाजून पाजून काळ्या झालेल्या. मी म्हणालो, "आई, आता एकच लागंल ना मले." ती माझ्यावरच रागावली. "लाकडाचा असला म्हणून काय झालं? पायच हाय ना तो? त्याले वहाण नको का?" खाली बसली, आधी उजव्या पायात घातली आणि मग लाकडाच्या पायात. ती जरा घट्ट होते. म्हणाली, चालला की सैल होईल.

रोज सकाळी व्हरांड्यात चालतो. नाईक मोजणी ओरडतो आणि मी चुकतो. दिवाळीनंतर सोडतील. पहिला येईन तो तुमच्या ओट्यावर, टोपली धरून, पूर्वीसारखा.

तुमचे, अन्नपूर्णाबाईंचे आणि उत्तमदादाचे उपकार लिहायला घेतले तर कागद पुरणार नाही, आणि मला तसं लिहिता येत नाही. तुम्ही आईला माझी जागा दाखवायला निघालात. ती जागा मलाही दिसली, एवढंच लिहितो.

बुटांचं तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलं आहे. आमचे बूट काळे, कातडं जाड, टाचेला लोखंडी नाल, आणि वर घोट्याभोवती हिरव्या कापडी पट्ट्या. बाकीच्या जवानांना तसे करा. माझ्या बाहुल्याला पुढच्या वर्षी लाकडाचा पाय लावा. बूट नकोत. वहाणा करा, आणि दोन करा.

आपला,
हिंमत